विहिरीपर्यंतची केबल: तांब्याची की ॲल्युमिनियमची?

मीटरच्या पेटीपासून विहिरीवरच्या स्टार्टरपर्यंत नवी केबल टाकायची झाली की जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात सल्ले पुष्कळ मिळतात, पण ते बहुधा दुकानातल्या भावावर आधारलेले असतात. खरे तर व्होल्टेज आणि अँपिअर हे दोन आकडे मोजता आले, तर निवड कागदावरच करता येते.

उदाहरणासाठी अंतर 200 मीटर आणि मोटार 5 अश्वशक्तीची, थ्री-फेज, चालू असताना 10 अँपिअर घेणारी धरू. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, 20 अंश तापमानाला सुमारे 0.0172 ओहम असतो, तर ॲल्युमिनियमचा सुमारे 0.0282 ओहम. त्यामुळे 4 चौरस मिलिमीटरच्या केबलमधील प्रत्येक तारेचा रोध तांब्याच्या बाबतीत 0.86 ओहम आणि ॲल्युमिनियमच्या बाबतीत 1.41 ओहम येतो. ॲल्युमिनियम 6 चौरस मिलिमीटरचे घेतले, तर तो 0.94 ओहमवर उतरतो, म्हणजे तांब्याच्या जवळपास पोहोचतो. म्हणून एकाच जाडीच्या दोन केबलींची तुलना करणे मुळातच चुकीचे आहे. तुलना 4 च्या तांब्याची 6 च्या ॲल्युमिनियमशी व्हायला हवी. वजनातही ॲल्युमिनियम सरस ठरते: तिन्ही तारा मिळून तांबे सुमारे साडेएकवीस किलो भरते, तर 6 चे ॲल्युमिनियम दहा किलोंच्या आतच राहते.

थ्री-फेजच्या केबलमध्ये पडणारी घट काढताना अँपिअर, रोध, 1.732 आणि पॉवर फॅक्टर यांचा गुणाकार करावा लागतो. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, 0.8 धरला, तर 4 च्या तांब्यात सुमारे 12, 6 च्या ॲल्युमिनियममध्ये 13 आणि 4 च्या ॲल्युमिनियममध्ये साडेएकोणीस व्होल्ट वाटेतच जातात. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती म्हणजे अँपिअरचा वर्ग गुणिले रोध, आणि तारा तीन असल्याने पुन्हा गुणिले तीन: अनुक्रमे 258, 282 आणि 423 वॅट. दिवसाला आठ तास याप्रमाणे वर्षात 200 दिवस मोटार चालली, तर 4 च्या दोन केबलींत 264 युनिटांचा फरक पडतो.

हा फरक पूर्वी बिलात दिसला असता. मात्र एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य सरकारने मोफत वीज दिलेली असल्यामुळे, 5 अश्वशक्तीची मोटार असणाऱ्याने युनिट वाचवण्यासाठी तांबे घ्यावे, या सल्ल्यात आता दम उरलेला नाही. उरतो तो प्रश्न मोटारीचा. भार तसाच राहून व्होल्टेज उतरले की मोटार जास्त अँपिअर ओढते, वाइंडिंग (आतले तारेचे वेटोळे) तापते, आणि ऐन मे महिन्यात मोटार जळाली तर केळीला पाण्याचा खंड सोसत नाही.

तरीही केबलीकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. डीपीवरच, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशीच, 350 व्होल्ट मिळत असतील, तर 4 च्या ॲल्युमिनियममधून मोटारीला सुमारे 330 आणि तांब्यातून सुमारे 338 मिळतील. मोटारीचा पीळ, म्हणजे फिरवण्याची ताकद (टॉर्क), व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटत असल्याने 415 या ठरलेल्या व्होल्टेजच्या तुलनेत तो पहिल्या वेळी 63 आणि दुसऱ्या वेळी 66 टक्के राहील. डीपीवरचा लोड तांब्याची केबल टाकून हलका होत नाही.

जुनी केबल बदलायची की नाही, हे ठरवायचे असेल तर तिचा रोध मोजून काढता येतो. वायरमनकडून, मोटार चालू असताना, पेटीपाशी आणि स्टार्टरपाशी त्याच दोन फेजमधील व्होल्टेज एकाच वेळी मोजून घ्यावे. दोन माणसे, दोन मीटर आणि कानाला फोन, कारण आपल्याकडचे व्होल्टेज पाच मिनिटे स्थिर राहील याची खात्री नसते. क्लॅम्प मीटरवर 10 अँपिअर आणि दोन्ही टोकांत 20 व्होल्टचा फरक आला, तर 20 भागिले 13.86 (10 गुणिले 1.732 गुणिले 0.8) म्हणजे 1.44 ओहम. आकडा हिशेबाच्या बराच वर गेला, तर दोष तारेत नसून जोडात असण्याचा संभव अधिक असतो. उन्हाळ्याची थोडी सूट मात्र द्यावी, कारण तार 60 अंशांपर्यंत तापली तर रोध सुमारे 16 टक्के वाढतो.

येथे एक गल्लत हमखास होते. मोटारीच्या व्होल्टेजला अँपिअरने भागून येणारा आकडा वाइंडिंगचा रोध नसतो; मल्टीमीटर त्यापेक्षा कितीतरी कमी ओहम दाखवतो, कारण प्रत्यावर्ती प्रवाहाला वाइंडिंगचे चुंबकत्वही अडवते. तसेच 400 गुणिले 10 म्हणजे 4000 वॅट हेही खरे नव्हे, 1.732 आणि 0.8 ने गुणल्यावर ते सुमारे 5540 वॅट होतात.

तांब्याची जमेची बाजू जोडांमध्ये आहे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच चढतो, आणि स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू सैल पडते. अशा एका जोडात अर्धा ओहम रोध तयार झाला, तर 10 अँपिअरला तेथे 50 वॅट उष्णता एकाच बिंदूवर निर्माण होते आणि स्टार्टरचे टर्मिनल काळे पडते. तांब्याच्या टर्मिनलला ॲल्युमिनियम जोडताना दोन्ही धातूंसाठी बनवलेले लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबून बसवले, तर ही भीती बरीच कमी होते. उलट तांब्याला भंगारात भाव असल्याने मळ्यात उघडी टाकलेली केबल रात्रीतून कापून नेली जाण्याची धास्ती असते, आणि माझ्या मते शिवारात हा मुद्दा काही व्होल्टच्या फरकापेक्षा जड आहे.

अंतर 50 मीटरच्या आत असेल, तर 4 च्या ॲल्युमिनियममध्येही जेमतेम पाच व्होल्ट जातात, तेव्हा तांब्याचा विचार करू नये. 200 मीटरला 6 चे ॲल्युमिनियम आणि 300 मीटरला 10 चे घ्यावे. त्यातही घट 12-13 व्होल्टच्या आसपासच राहते. तांबे घ्यायचेच असेल, तर ते केबल जमिनीत खोल पुरणार असाल तेव्हाच घ्यावे.