पोर्सेलिन, स्टोनवेअर, बोन चायना आणि साधी माती: आठ-नऊ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

गेल्या गणपतीपासून आमच्या घरी रोजचं जेवण पोर्सेलिनच्या पांढऱ्या ताटल्यांत होतं. त्याच कपाटात उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याचे स्टोनवेअरचे मग आहेत, बोन चायनाच्या कपबश्या आहेत आणि हाताने रंगवलेले चकचकीत मातीचे वाडगे आहेत. सगळी भांडी एकाच सिंकमध्ये घासली जातात, एकाच मायक्रोवेव्हमध्ये जातात आणि आमटीपासून सोलकढीपर्यंत सगळं त्यांतूनच खाल्लं-प्यायलं जातं. दुकानात ही चारही ‘क्रॉकरी’ म्हणून एकाच फळीवर मांडलेली असतात. वापरायला लागलं की चौघांचे स्वभाव वेगळे निघतात. घेण्याआधी हे ठाऊक असेल तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतील, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा कौल आधीच सांगते. ज्या घरात रोज हळद, चिंच, आमसूल आणि फोडणीचं तेल आहे, तिथे जेवायच्या ताटलीला पोर्सेलिनसारखं दुसरं काही नाही. लोणचं आणि मीठ ठेवायला स्टोनवेअर. दही आणि प्यायचं पाणी बिनचकाकीच्या साध्या मातीत. रंगवलेले मातीचे वाडगे दिसायला सगळ्यांत देखणे आहेत, पण ते चिवडा-शंकरपाळ्यांसाठी.

असं का, ते भांड्याच्या अंगात आहे. अंग म्हणजे वरची चकाकी नव्हे, तिच्या आतली भाजलेली माती. ती पाणी पिते की नाही, एवढ्यावर पुढचं सगळं ठरतं. साधी मातीची भांडी साधारण १००० ते ११५० अंश सेल्सिअसला भाजतात. तेवढ्या आचेत मातीचे कण एकमेकांना धरतात, पण मधल्या पोकळ्या तशाच राहतात. स्टोनवेअर १२०० ते १३०० अंशांच्या आसपास भाजतात, तेव्हा ते घट्ट आवळून येतं आणि पोकळ्या जवळजवळ बुजतात. पोर्सेलिनमध्ये केओलिन ही पांढरी माती, फेल्डस्पार हे खनिज आणि गारगोटीची पूड असते, आणि त्याची भट्टी १४०० अंशांपर्यंतही चढवतात. फेल्डस्पार वितळून त्याची काच होते आणि ती उरलेल्या फटी भरून काढते. केओलिनपासून म्युलाइटचे सुईसारखे बारीक स्फटिक तयार होतात आणि ते त्या काचेत गुंतून बसतात. म्हणून पोर्सेलिन पातळ असूनही दणकट असतं, आणि पातळ असेल तिथे उजेड पलीकडे झिरपतो. चांगलं पोर्सेलिन स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. साधी भाजकी माती १० टक्क्यांहून अधिक शोषू शकते.

आता हेच स्वयंपाकघरात कसं दिसतं ते सांगते.

हळदीपासून सुरुवात करते, कारण आपल्याकडे खरी परीक्षा तिचीच. एका ऑनलाइन दुकानातून ‘पोर्सेलिन’ म्हणून आलेले वाडगे मी आमटीसाठी काढले होते. हिवाळा संपेपर्यंत आतल्या चकाकीवर केसाएवढ्या बारीक भेगांची जाळी उमटली आणि ती पिवळी पडली. घासून जाईना, उन्हात ठेवल्यावर थोडी फिकट झाली, पण गेली नाही. ते वाडगे साध्या मातीचे होते. सच्छिद्र माती महिनोन् महिने ओलावा घेत घेत किंचित फुगते. वरची काचेची चकाकी तितकी ताणली जात नाही, म्हणून तडकते. त्या भेगांतून आमटी थेट मातीत उतरते आणि तिथे आपली घासणी पोचत नाही. त्याच काळात पोर्सेलिनच्या ताटल्यांनी कैरीचं लोणचं, अळूचं फदफदं, पाटवडी, माशाचं तिखट कालवण असं सगळं पचवलं. रात्रभर खरकटी राहिलेली ताटली सकाळी साबणाच्या एका हातात पांढरीशुभ्र होते. पोर्सेलिनची चकाकीही कधी तडकू शकते, पण खाली पाणी पिणारं अंग नसल्यामुळे डाग खोल जात नाही.

मायक्रोवेव्हमध्ये हाच फरक हाताला चटका देऊन कळतो. मातीच्या वाडग्याच्या काठाचा किंवा बुडाचा टवका उडाला असेल, तर तिथून धुताना पाणी आत शिरतं. मायक्रोवेव्ह तापवतो ते मुख्यतः पाण्याला. मग वाडगा धरवत नाही इतका तापतो आणि आतला भात कोमटच राहतो. पोर्सेलिनची ताटली अन्नाच्या उष्णतेने गरम होते, तेवढीच. सोनेरी किंवा चंदेरी कड असलेलं कुठलंही भांडं, मग ते कितीही उंची असो, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. ती कड धातूची असते आणि ठिणग्या उडतात.

लेबलवर विसंबण्यापेक्षा भांडं उलटं करून बघावं, हे मी आता प्रत्येकीला सांगते. बुडाच्या कडीवर, जिथे ते टेबलाला टेकतं, सहसा चकाकी नसते, कारण चकाकी असेल तर भांडं भट्टीत फळीला चिकटून बसेल. त्या उघड्या कडीवर पाण्याचा थेंब ठेवा. थेंब तसाच राहिला तर अंग आवळलेलं आहे. जिरून काळपट ओला डाग उमटला तर ती सच्छिद्र माती. मग मोबाइलचा टॉर्च लावून कडेच्या पातळ भागामागे बोटं हलवा. पोर्सेलिन आणि बोन चायनात सावली दिसते, स्टोनवेअर आणि मातीत काही दिसत नाही. टवका उडालेला नग दुकानात पडून असेल तर तो मुद्दाम बघा. आतून भुरकट किंवा तांबूस दिसलं तर पांढरेपणा फक्त वरच्या थरात आहे.

या वरवरच्या पांढरेपणाला मोठा इतिहास आहे. चीनमध्ये, विशेषतः जिंगदेझेनमध्ये, तयार होणारं निळं-पांढरं पोर्सेलिन युरोपात पोचलं तेव्हा ते कसं करतात हे तिथे कुणाला उमगत नव्हतं. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या कारागिरांनी पिवळसर मातीवर कथलाची पांढरी चकाकी चढवून त्यावर निळी नक्षी काढली. दिसायला सुरेख, पण टवका उडाला की आतली माती उघडी पडायची. माझ्या त्या वाडग्यांची जात हीच. खरं कठीण पोर्सेलिन युरोपात जमलं ते आजच्या जर्मनीतल्या सॅक्सनीत. तिथल्या राज्यकर्त्याने, ऑगस्टस द स्ट्राँगने, सोनं करून दे म्हणून योहान फ्रीडरिष ब्यॉटगर या तरुण किमयागाराला डांबून ठेवलं होतं. चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या सोबतीने काम करताना त्याने आधी लाल स्टोनवेअर साधलं, मग १७०८ च्या सुमारास पांढरं पोर्सेलिन, आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना उभा राहिला. योग्य पांढरी माती आणि त्याआधी युरोपातल्या कुंभारांनी न चढवलेली आच, या दोन गोष्टी जुळल्यावरच हे घडलं. मला ही हकिगत फार मोलाची वाटते. आज आपण दोन-तीनशे रुपयांना जी ताटली उचलतो, तिच्यामागचं ज्ञान एके काळी राजे कडीकुलपात ठेवत होते.

नक्षी बहुतेक निळीच का, याचंही उत्तर भट्टीतच आहे. चकाकीच्या खाली रंगवायचं तर रंगाला तेवढी आच सोसली पाहिजे, आणि फार थोडे रंग ती सोसतात. कोबाल्टचा निळा त्यांतला सगळ्यांत भरवशाचा. लाल, गुलाबी, सोनेरी हे बहुधा चकाकी भाजून झाल्यावर वरून लावतात आणि कमी आचेत पुन्हा भाजतात. बोट फिरवलं की अशी वरची नक्षी किंचित उंच लागते. माझ्या चार ताटल्यांवर अशी गुलाबी फुलं आहेत. रोजच्या घासण्याने ती फिकी पडत चालली आहेत, आणि निळ्या कडेच्या ताटल्या मात्र आणल्या दिवसासारख्या आहेत. रोजच्यासाठी घेताना चकाकीखालची नक्षी किंवा कोरा पांढरा, एवढंच बघा. आजीच्या काळातली रंगीत भांडी घरात असतील तर ती मांडून ठेवा, पण त्यांत चिंचेचं किंवा लिंबाचं काही ठेवू नका. जुन्या चकाक्यांत आणि वरच्या रंगांत शिसं असण्याची शक्यता असते आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतो.

पोर्सेलिनबद्दलची एकमेव नेहमीची तक्रार म्हणजे राखाडी रेघा. दोन महिन्यांत ताटल्यांवर चमच्यांचे बारीक ओरखडे दिसायला लागले. ते ओरखडे नसतातच. पोर्सेलिनची चकाकी स्टीलपेक्षा कठीण असते, त्यामुळे ताटली चरत नाही, चमचा झिजतो आणि त्याचा धातू ताटलीवर उरतो. खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून तो लेप मऊ कापडाने चोळला की बहुतेक रेघा निघतात. तारेची घासणी त्या रेघा वाढवते. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींना मी स्पंज वेगळा काढून दिला आणि फरक पडला. खुर्ज्याच्या मगांची चकाकी मंद, किंचित खरखरीत आहे, तिच्यावर चमच्याच्या रेघा जास्त उठतात आणि निघायलाही वेळ लागतो.

बोन चायनाबद्दल थोडक्यात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जोसाया स्पोडने हे मिश्रण पक्कं बसवलं. त्यात जवळपास निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते. त्यामुळे रंग दुधाळ, ऊबदार येतो आणि पातळ काठही सहजी टवकत नाही. चहाचा कप म्हणून ते ओठाला फार छान लागतं, हे मान्य. चकाकी मात्र पोर्सेलिनपेक्षा मऊ असते, म्हणून जेवायच्या ताटल्यांसाठी मी ते घेणार नाही. राखेचं कळल्यावर आमच्या सासूबाईंनी तो कप बाजूला ठेवला आणि मला ते पूर्णपणे पटतं. शाकाहारी घरात पाहुण्यांना देतानाही हे ध्यानात ठेवायला हवं. ‘न्यू बोन चायना’ म्हणून जे मिळतं त्यात सहसा हाडांची राख नसते, तरी घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा.

स्टोनवेअरला मी कमी लेखत नाही. वरून तपकिरी, खालून पिवळट पांढरी अशी लोणच्याची बरणी स्टोनवेअरचीच असते, आणि त्या कामासाठी मला पोर्सेलिनची बरणी दिली तरी नको. जाड भिंत उष्णतेचे चढउतार आत पोचू देत नाही, उजेड आत जात नाही, मीठ आणि आंबट तिला बाधत नाहीत, तेल पाझरत नाही. साध्या मातीच्या चकाकीवाल्या सटात मीठ ठेवून बघितलं, तर काही आठवड्यांत बाहेरच्या अंगावर पांढरे कण फुलून आले आणि चकाकीचे पापुद्रे सुटू लागले. मीठ ओलाव्याबरोबर मातीत शिरतं आणि पाणी उडालं की तिथेच त्याचे खडे होतात. मगांचं म्हणाल तर वजन जास्त, पण चहा बराच वेळ गरम राहतो, त्यामुळे सकाळी मी तोच उचलते.

आणि पाणी पिणं हा मातीचा दोष फक्त चुकीच्या जागी असतो. उन्हाळ्यात माठ थंड होतो तो पाझरलेलं पाणी वाऱ्यावर उडतं म्हणून. मातीच्या बोळक्यात विरजलेलं दही घट्ट लागतं, कारण त्यातलं थोडं पाणी बोळकं शोषून घेतं. तेच विरजण, तेच दूध पोर्सेलिनच्या वाटीत लावलं की दही चांगलं लागतं, पण सैल राहतं.

घराच्या फरशीलाही हाच हिशेब लागू आहे. व्हिट्रिफाइड फरशी अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते, भिंतीवरच्या साध्या सिरॅमिक टाइल्स १० टक्क्यांच्या वर. जुन्या वाड्यांतले फ्यूज आणि विजेच्या खांबावरचे पांढरे-तपकिरी चिमणे, म्हणजे वीज अडवणारे इन्सुलेटर, पोर्सेलिनचे असतात तेही याचसाठी, कारण पावसात भिजूनही त्यांच्या आत ओल जात नाही.

वापरताना दोन गोष्टी सांभाळा. पोर्सेलिन कितीही कठीण असलं तरी गॅसच्या ज्योतीवर ठेवू नका आणि फ्रिजमधून काढलेल्या ताटलीत उकळती आमटी ओतू नका. एक बाजू एकदम तापून फुगते, दुसरी थंड राहते आणि भांडं तडकतं. आणि ताटल्या एकावर एक रचताना मध्ये जुन्या कापडाचा किंवा कागदाचा तुकडा घाला. बुडाची ती उघडी कडी इतकी कठीण आणि खरखरीत असते, की स्टीलला न जुमानणाऱ्या चकाकीवरही ती खरे ओरखडे काढते. हल्ली काही उत्पादक ती कडी घासून गुळगुळीत करून देतात. दुकानात बोट फिरवून बघा, आणि दोन सारख्याच ताटल्यांत निवड करायची असेल तर गुळगुळीत कडीची घ्या.