नेक्सगार्ड, कुत्र्याच्या गोचिडींवरची गोळी: १४ महिने देऊन झाल्यावर लिहितेय

पान उलटायला म्हणून कालनिर्णय खिळ्यावरून काढलं आणि मागच्या भिंतीवर गोचिडी. मोजल्या, २३ भरल्या. बऱ्याचशा तिळाएवढ्या तांबूस, आणि दोन रक्त पिऊन टम्म फुगलेल्या, करड्या, भिजवलेल्या वाटाण्यासारख्या. आमचं घर तळमजल्यावर आहे, पुण्यात एरंडवण्यात, बिल्डिंग चाळीसेक वर्षांची, भिंतींना भेगा भरपूर. बुंदी (आमची इंडी, म्हणजे देशी कुत्री, साडेतीन वर्षांची, वजन १७ किलो) त्याच भिंतीला टेकून झोपायची. तोपर्यंत मला वाटायचं की गोचीड म्हणजे कुत्र्याच्या अंगावरची गोष्ट, रोज संध्याकाळी काढून टाकल्या की झालं. त्या दिवशी कळलं की कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्याच, बाकीच्या आपल्या घरात राहतात.

हे गोळीचं परीक्षण आहे पण आधी हे सांगितल्याशिवाय गोळी का आणि कशी उपयोगी पडते ते कळणारच नाही. आपल्याकडे कुत्र्यांवर जी तपकिरी गोचीड सापडते ती आयुष्यात तीनदा जेवते, एकदा पिल्लू असताना (तेव्हा तिला सहाच पाय असतात), मग थोडी मोठी झाल्यावर, मग पूर्ण वाढ झाल्यावर, आणि प्रत्येक जेवणानंतर कुत्र्यावरून खाली पडते आणि अंधारी भेग शोधून वर वर चढत जाते. म्हणूनच ती स्कर्टिंगमागे, दाराच्या चौकटीत, फोटोफ्रेममागे सापडते. फुगलेली मादी अशा भेगेत जाऊन हजारोंनी अंडी घालते आणि मरते. उपाशी गोचीड महिनोन्महिने जिवंत राहू शकते. म्हणजे तुम्ही सुट्टीत कुत्र्याला घेऊन गावाला गेलात, दोन महिन्यांनी आलात, तरी त्या तुमची वाट बघत भिंतीत बसलेल्या असतात.

जुलैत बुंदी आजारी पडली. सकाळी पोळीचा डबा उघडल्याचा आवाज आला की जिथे असेल तिथून धावत येणारी मुलगी, त्या दिवशी उठलीच नाही, नुसती मान वर करून बघितलं. हिरड्या पांढुरक्या आणि पोटावर लाल बारीक ठिपके, जणू कोणी लाल पेनाने टिंबं काढलीत. रक्त तपासलं, प्लेटलेट्स ३८ हजार, जिथे निदान पावणेदोन-दोन लाख असायला पाहिजेत. टिक फिव्हर, गोचिडीच्या चाव्यातून एर्लिकिया नावाच्या जंतूमुळे होणारा आजार. डॉक्सीसायक्लीन हे अँटिबायोटिक २८ दिवस, पोटभर खाल्ल्यावरच द्यायची नाहीतर उलटी होते, आणि ज्या जनावराला खायचंच नाही त्याला पोटभर खायला घालून मग गोळी द्यायची म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. पनीरमध्ये दिली तर पनीर खाऊन गोळी स्वच्छ चाटून पायपुसण्यावर ठेवायची. पेढ्यात दिली तर गालात धरून बसायची, मी वळले की सोफ्यामागे नेऊन टाकायची. २८ दिवसांत सोफ्यामागून सहा गोळ्या निघाल्या, आणि प्रत्येक वेळी माझा जीव खाली-वर, की आज औषध पोटात गेलं की नाही.

ती बरी झाली. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा होऊ द्यायचं नसेल तर दर महिन्याला हे द्या, आणि नेक्सगार्ड लिहून दिलं. त्याआधी मी काय काय केलं होतं ते सांगते कारण बहुतेक घरांत हेच होतं. कडुलिंबाचं तेल लावलं, वास आठवडाभर घरात राहिला, गोचिडीही राहिल्या. खोबरेल तेलात कापूर घालून लावा असं दहा जणांनी सांगितलं, पण कुत्री अंग चाटतात आणि कापूर पोटात जाणं त्यांना विषारी असतं, त्यामुळे ते कृपया करू नका. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे गावाकडच्या एका दुकानातून गोठ्यात फवारायचं औषध आणलं, दुकानदाराने अंदाजे बूच दाखवून 'एवढं टाका बादलीत' म्हटलं आणि मी टाकलं. तासाभरात बुंदीच्या तोंडातून लाळेच्या तारा, पाय लटपटतायत. साध्या साबणाने तीनदा आंघोळ घालून रिक्षाने दवाखान्यात. ते आठवलं की अजून हात गार पडतात. गाईम्हशीच्या मापाचं औषध कुत्र्याला अंदाजाने लावायचं नसतं, एवढं लिहून ठेवा. आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्याचं औषध मांजराजवळसुद्धा नेऊ नका, मांजर मरू शकतं.

आता गोळी. तपकिरी, मऊसर, चावून खायची, मांसाचा वास असलेली. वजनाप्रमाणे वेगळं पाकीट असतं, २ ते ४ किलो, ४ ते १०, १० ते २५, २५ ते ५०. बुंदीला तिसरं. ८ आठवड्यांपेक्षा लहान किंवा २ किलोच्या आतल्या पिल्लाला देत नाहीत. मी पहिल्यांदा पाकीट फोडलं तेव्हा सवयीने पनीर किसून तयार ठेवलं होतं, सोफ्याच्या मागे उशी लावून रस्ता बंद केला होता, आणि बुंदीने गोळी माझ्या तळहातावरून उचलली, दोनदा चावली, गिळली आणि अजून आहे का म्हणून हात हुंगत बसली. मी खाली फरशीवरच बसले. एक महिनाभर ज्यासाठी रोज अर्धा तास झगडले ते चार सेकंदांत झालं.

आतमध्ये अफॉक्सोलानेर नावाचं औषध असतं, ते कुत्र्याच्या रक्तात जातं, गोचीड किंवा पिसू रक्त प्यायली की तिच्या मज्जातंतूंवर काम करतं आणि ती मरते. पिसवा आठेक तासांत मरतात, गोचिडींना ४८ तासांपर्यंत लागू शकतात. यातली मेख नीट समजून घ्या. गोचिडीने चावल्यावरच ती मरते, त्यामुळे गोळी दिल्यावरसुद्धा अंगावर गोचीड दिसणार, आणि चावा होतोच, म्हणून आजार लागण्याची शक्यता कमी झाली तरी शून्य होत नाही. गोळी चालू असली तरी कुत्रं मलूल झालं, जेवण सोडलं, लघवी चहासारखी गडद झाली किंवा नाकातून रक्त आलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं.

पहिल्या महिन्यात मला वाटलं गोळी चालत नाहीये. रोज पाच-सात सापडायच्याच, फरक एवढाच की त्या चपट्या, वाळलेल्या, बोट लावलं की गळून पडणाऱ्या. डॉक्टरांनी सांगितलं, भिंतीतल्या अजून बाहेर येतायत, येऊ द्या, बुंदीला चावतील आणि मरतील, अंडी घालायला परत जाणार नाहीत. हे ऐकल्यावर माझा सगळा विचारच बदलला. आपण गोचिडी वेचून संपवत नाही, त्यांची पुढची पिढी बंद पाडतो. पण त्याला एकही महिना न चुकता देत राहावं लागतं, दोन महिने दिली आणि पावसाळा संपला म्हणून बंद केली तर पैसे वाया. पुण्यात गोचीड थंडीतही असते, घरात तर असतेच.

गोळीच्या जोडीने घरात काय काय केलं तेही सांगते. भेगा व्हाइट सिमेंटने बुजवल्या, स्कर्टिंगला सिलिकॉन भरलं. बुंदीची गोधडी दर रविवारी उकळत्या पाण्यात. एका पेस्ट कंट्रोलवाल्याने येऊन झुरळांचं जेल लावून पैसे घेतले, त्याचा काही म्हणजे काही उपयोग नाही, गोचीड जेल खायला येत नाही, ती रक्ताशिवाय काहीच खात नाही. दुसऱ्याने भेगांत फवारणी केली, त्या दिवशी आम्ही बुंदीला घेऊन नणंदेकडे गेलो आणि सगळं वाळल्यावरच परत आलो. अंगावर सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून धरायची, सरळ ओढायची, स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. काडी पेटवून चटका देणं, रॉकेल लावणं, नखाने चिरडणं, यातलं काही नको. बघायच्या जागा म्हणजे कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीखाली, आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात, तिथे हटकून असतेच आणि तिथेच बुंदी हात लावू देत नाही, त्यामुळे ती झोपेत असताना मोबाइलच्या टॉर्चने बघते.

चौथ्या महिन्यापासून आठवड्यात एखादी. आता गेले पाच महिने भिंतीवर एकही नाही, अंगावर आली तर फिरायला जाऊन आल्यावर बाहेरची.

नावडतं काय, तर किंमत. स्वस्त नाहीये, आणि दर महिन्याला आहे. दोन कुत्री असतील तर महिन्याच्या वाणसामानासारखा एक कायमचा खर्च धरावा लागतो. मी तरी म्हणेन की टिक फिव्हरच्या तपासण्या, सलाइन आणि रजा याचा हिशोब केला तर परवडतं, पण प्रत्येकाला नाही जमणार हे मला मान्य आहे. दुसरं, ज्या कुत्र्याला फिट येतात त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये अफॉक्सोलानेर ज्या गटात येतं त्यातल्या सगळ्या औषधांबद्दल सूचना काढली होती की काही जनावरांत थरथर, तोल जाणं, फिट येणं असं होऊ शकतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या लॅब्राडॉरला लहानपणापासून फिट्स आहेत, त्याला डॉक्टरांनी हे न देता वेगळा उपाय सांगितला. दुकानातून परस्पर उचलून आणायची गोष्ट नाही ही, एकदा वजन करून, विचारून घ्या.

महिना लक्षात ठेवायचा उपाय मात्र सासूबाईंनी काढला. त्यांची संकष्टी कधी चुकत नाही, आणि एका संकष्टीपासून दुसरी एकोणतीस-तीस दिवसांवर येते. पण उपासाच्या दिवशी मांसाच्या वासाची गोळी स्वयंपाकघरात नको, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, मागच्या अंगणात, त्या स्वतः पाकीट फोडतात. १४ महिन्यांत एकदाही चूक नाही, मोबाइलच्या रिमाइंडरवर मी एव्हाना तीनदा तरी विसरले असते. कालनिर्णयवर चंद्रोदयाच्या वेळेशेजारी त्या पेन्सिलीने 'बुंदी' लिहितात.

या जूनपासून बिल्डिंगखालच्या दोन कुत्र्यांनाही चालू केलं, काळू आणि म्हातारी. सहा घरांनी वर्गणी काढली. दोघांना उचलून वजनकाट्यावर ठेवणं शक्य नव्हतं, तर दवाखान्यातल्या मुलाने येऊन बघून डॉक्टरांना फोटो पाठवले, दोघंही १० ते २५ मध्येच बसतात. काळू हातातून खातो. म्हातारी माणसाच्या हातचं काही घेत नाही, तिच्यासाठी गोळी पायरीवर ठेवून आपण चार पावलं मागे जाऊन पाठ करून उभं राहायचं, चावल्याचा आवाज आला की मग वळायचं. परवा तिच्या कानात पहिल्यांदा एकही गोचीड दिसली नाही, लांबूनच बघितलं, पण कान आतून गुलाबी होता.