प्रकल्पासाठी ‘तुंबाड’ घ्यावा की ‘पॅन्स लॅबिरिंथ’?

डार्क फँटसीवर, म्हणजे काळोख्या, भीतीदायक अद्भुत चित्रपटांवर, प्रकल्प करायचं ठरवून येणाऱ्या मुलामुलींची गाडी हमखास दोन नावांपाशी अडते. एक राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) आणि दुसरा गिलेर्मो देल तोरोचा ‘पॅन्स लॅबिरिंथ’ (२००६). चित्रप्रकार (जॉनर), कथन, व्यक्तींचं चित्रण आणि प्रेक्षक या प्रकल्पाच्या चारही अंगांनी दोन्ही चित्रपट भरलेले आहेत. पण संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडच्या कॉलेजात बसून हे काम करणाऱ्याने कोणता घ्यावा, याबद्दल माझं मत पक्कं आहे. दोन्हींचे शेवट सांगावे लागतील, म्हणून पाहिले नसतील तर आधी पाहून या.

चित्रप्रकाराचं प्रकरण ‘पॅन्स लॅबिरिंथ’वर जास्त चांगलं लिहून होतं. घडतंय ते खरं की मनाचा खेळ, या घालमेलीत वाचक अडकलेला असतो तोवरच ते अद्भुत, असं साहित्य समीक्षक तोदोरोव्हने १९७० साली मांडलं. यातली लहान मुलगी ओफेलिया फॉनशी, म्हणजे अर्ध्या बोकडाच्या रूपातल्या अद्भुत प्राण्याशी, बोलते तेव्हा तिच्या सावत्र बापाला, कॅप्टनला, ती रिकाम्या जागेशी बोलताना दिसते. पण बंद खोलीतून ती बाहेर पडते ती खडूने काढलेल्या दारातूनच. ‘तुंबाड’मध्ये ही घालमेल नाही. खजिन्यापाशी अडकलेला हस्तर नावाचा दैत्य आहे, तो भुकेला आहे, आणि तो आहे याबद्दल वाड्यात कुणालाच शंका नाही.

कथनाचंही तसंच. ‘पॅन्स लॅबिरिंथ’मध्ये ओफेलियाला दिलेल्या तीन कामगिऱ्या, ताटातलं काही खाऊ नको ही ताकीद आणि तरी तोंडात टाकलेली दोन द्राक्षं. लोककथांचा अभ्यासक प्रॉपने १९२८ साली मांडलेल्या लोककथेच्या आराखड्यात हे सगळं अलगद बसतं, म्हणूनच प्रत्येक जण ते बसवतो. ‘तुंबाड’ १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन प्रकरणांत चालतो आणि माणूस सोन्यासाठी पुन्हा पुन्हा त्याच विहिरीत उतरतो. तिथे आराखडा तुम्हालाच शोधावा लागतो.

दोन्ही चित्रपट एकत्र घ्यायचे असतील तर धागा एकच धरा. दोन्हींच्या शेवटी एक मूल नकार देतं. ‘तुंबाड’चा नायक विनायक, त्याचा मुलगा पांडुरंग बापाने आणलेलं सोनं नाकारतो. ओफेलिया तान्ह्या भावाच्या रक्ताचा एक थेंबही द्यायला तयार होत नाही. कॅप्टनला आपल्या मरणाची वेळ या तान्ह्या मुलाला कळावी असं वाटतं, तर त्याच्या घरची कामवाली मर्सिडीस सांगते की मुलाला तुझं नावसुद्धा कळणार नाही. बापाचा वारसा पोरांनी तोडणं हा विषय आपल्याकडच्या भाऊबंदकीच्या आणि जमिनीच्या घरांत किती खोल जाईल, याचा विचार करून बघा.

स्त्रियांच्या चित्रणात मात्र फरक मोठा आहे. मर्सिडीस कॅप्टनच्या घरी राबते आणि तिथूनच रानातल्या बंडखोरांना मदत करते. कामवालीकडे तो माणूस म्हणून बघतच नाही, म्हणून तिला हे जमतं. ‘तुंबाड’मध्ये खजिन्याची जागा म्हणजे देवीचं गर्भाशय. पुरुष त्यात उतरतात आणि मुद्रा घेऊन वर येतात, पण त्याबद्दल निर्णय घ्यायचा अधिकार एकाही बाईला नाही. पडद्यावर बाईकडे पुरुषाच्या नजरेने बघितलं जातं, हे मांडणारा लॉरा मल्व्हीचा १९७५ चा निबंध इथे उपयोगी पडेल, पण तो नुसता चिकटवू नका. विनायकच्या आईपासून सुरुवात करा. चित्रपट ही पुरुषी हाव दाखवतो की तिच्यात सामील होतो, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. तुम्ही त्यावर वाद घालावा असं मनापासून वाटतं.

काळाचं म्हणाल तर ‘पॅन्स लॅबिरिंथ’चा १९४४ सालचा स्पेन, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतला आणि रानातल्या बंडखोरांचा, आपल्याला परका नाही. निजामाविरुद्ध सरहद्दीवरच्या कॅम्पांत गेलेल्या माणसांच्या आठवणी मराठवाड्यात घरोघरी आहेत. आणि ‘तुंबाड’ १९४७ पर्यंत येतो तेव्हा हेही लक्षात ठेवा की आपला भाग मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ ला, तेरा महिन्यांनी.

खरा निकाल लागतो तो प्रेक्षकाच्या प्रकरणात. माध्यमांचा अभ्यासक स्टुअर्ट हॉलने १९७३ साली सांगितलं की बनवणाऱ्याने घातलेला अर्थ आणि बघणाऱ्याने काढलेला अर्थ एकच असेल असं नाही. ‘तुंबाड’मधला कोकणातला पाऊस थांबतच नाही, कारण तो शाप आहे. आता हा पाऊस २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेल्या लातूरकराला दाखवा. त्याला शाप दिसेल की सुख? हा प्रश्न मुंबईत बसून कुणाला सुचणार नाही.

गुप्तधनाचंही तेच. मोहरांच्या हंड्यांच्या गोष्टी, भानामतीची भीती हे इथे कल्पनेतलं नाही. गुप्तधनाच्या शोधात केलेली अघोरी कृत्यं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवली आहेत. ज्याच्या शेजारच्या गावात रात्रीतून खड्डा खणला गेला, तो ‘तुंबाड’ फँटसी म्हणून बघतो का? शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर या चित्रपटाने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. म्हणजे मधल्या सहा वर्षांत प्रेक्षक कसा तयार झाला, हेसुद्धा तपासता येतं.

‘पॅन्स लॅबिरिंथ’ स्पॅनिशमध्ये आहे. सबटायटल वाचत तो पाहणारे लोक गोळा करणं आपल्या भागात अवघड जातं. मग प्रेक्षकाचं प्रकरण परदेशी समीक्षणांवरून लिहिलं जातं आणि परीक्षकाला ते लगेच कळतं.

म्हणून ‘तुंबाड’ घ्या. चित्रप्रकाराच्या प्रकरणात ‘पॅन्स लॅबिरिंथ’ दोन-तीन पानांत तुलनेपुरता आणा. ‘तुंबाड’ला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आहे, तेव्हा प्रेक्षक अठराच्या पुढचेच निवडा. गावातली दहा-बारा माणसं पुरतील, फक्त त्यांत बाया आणि साठी ओलांडलेले असू द्या. दाखवून झालं की लगेच अर्थ विचारू नका. आधी एवढंच विचारा, “पाऊस पडत होता, तेव्हा तुम्हाला काय आठवलं?” उत्तर परवानगी घेऊन रेकॉर्ड करा आणि त्यांच्याच बोलीत उतरवा.