'ग्लो ऑफ होप'ची प्रिंट मागवली : फ्रेम मस्त, चित्रकाराचं नाव चुकीचं (३ स्टार)

हॉलमध्ये लावायला ही 'दिवेवाली बाई' ऑनलाइन मागवली. १८ बाय २४ इंच, कॅनव्हास प्रिंट, फ्रेमसकट २,४०० रुपये. पॅकिंग एकदम सॉलिड, चारी कोपऱ्यांना थर्माकोल, कुठे साधा ओरखडा नाही. इथपर्यंत पाच स्टार.

मग फ्रेम उलटी केली तर मागे स्टिकर, 'राजा रविवर्मा'. नेमका त्या दिवशी सावंतवाडीचा मामा घरी आलेला, तो जो तापला! "रविवर्म्याचा कसला, ह्यां आमच्या हळदणकरांचा!" बरोबरच आहे त्याचं. रविवर्मा १९०६ ला गेले, हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जन्म सावंतवाडीचा, शिकले मुंबईत जे. जे. ला, आणि दिवा घेऊन उभी आहे ती त्यांची स्वतःची मुलगी गीता. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसच्या गॅलरीत आहे, तिथे रविवर्म्यांची पण चित्रं आहेत, त्यामुळे गल्लत होत असेल, पण विकणाऱ्याने तरी बघायला नको का?

कस्टमर केअरला फोन केला तर पोरगा म्हणतो, "सर, सिस्टिममध्ये तसंच आहे." बरं बाबा.

नावाचं एकवेळ सोडा, माझी खरी तक्रार बोटांची आहे. मूळ चित्र मी बघितलंय, सगळे म्हणाले म्हणून गेलो आणि मग तिथून हलेचना. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आड, आणि उजेड बोटांच्या फटीतून नाही तर बोटांच्या मांसातून येतोय, आपण लहानपणी टॉर्चवर हात ठेवायचो ना, तसा लालसर. आणि हे सगळं वॉटरकलरमध्ये! ऑइलमध्ये चुकलं तर वरून पांढरा थापता येतो, वॉटरकलरमध्ये उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद, एकदा रंग गेला की संपलं. मी शाळेत एलिमेंटरीला वॉटरकलरचा चिखल केलेला माणूस, मला विचारा.

तर ह्या प्रिंटमध्ये ती बोटं नवरीला हळद लावल्यासारखी पिवळी आलीत. लाल कुठे नाहीच. चेहऱ्यावर पण कॅनव्हासची जाळी दिसते, अर्थात कागदावरचं चित्र कॅनव्हासवर छापलं की अजून काय होणार.

फोटो पाठवल्यावर मात्र कुरकुर न करता बदलून दिली, हे मान्य करायलाच पाहिजे. ह्या वेळी मॅट पेपरवर मागितली, ३०० रुपये जास्त गेले, सहा दिवसांत आली. हिच्यात बोटं बरीचशी जमलीत, करंगळीकडचा लालसरपणा दिसतो. मूळची सर नाही, पण संध्याकाळी लाइट कमी असला की बघत बसावंसं वाटतं.

घ्यायची असेल तर मॅट पेपरच घ्या, आणि ट्यूबलाइटच्या समोर लावू नका, काचेत नुसती ट्यूबच दिसते. स्टिकर दुसऱ्या प्रिंटवर पण रविवर्म्यांचंच होतं. मामाने बॉलपेनने खोडून खाली मोठ्या अक्षरात हळदणकर लिहून ठेवलंय.