पोस्टग्रेसचे पसरवलेले चेकपॉइंट: दवा बाजारातल्या बिलिंग सर्व्हरवर काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो. पोस्टग्रेस या डेटाबेसवर बिलिंग चालत असेल आणि ऐन गर्दीत सगळ्या स्क्रीन एकदम थिजत असतील, तर नवा सर्व्हर घेण्याआधी चेकपॉइंटच्या (मेमरीतला बदललेला डेटा डिस्कवर उतरवण्याच्या कामाच्या) तीन सेटिंग बघा. आमची इंदूरच्या दवा बाजारात औषधांची होलसेल पेढी आहे. मशीन तेच, साधी हार्ड डिस्क तीच, बिलिंगचं सॉफ्टवेअरही तेच. बदललं ते फक्त डिस्कवर लिहिण्याचं वेळापत्रक. 2025 च्या पावसाळ्याआधी हा बदल केला, त्यावर दिवाळीची गर्दी निघाली, म्हणून आता भरवशाने लिहितोय.

त्रास काय होता? संध्याकाळी चारनंतर देवास, उज्जैन, महूच्या मेडिकलवाल्यांच्या ऑर्डरी एकदम येतात आणि माल रात्रीच्या आत गाडीत चढवायचा असतो. बिल एरवी चुटकीसरशी सेव्ह व्हायचं. पण मधूनच सगळ्या काउंटरवर एकाच वेळी गोळा फिरत राहायचा, पाच-सात सेकंद, कधी जास्तच. ‘भैया, परत अटकलं!’ अशी हाक वर माळ्यापर्यंत यायची. सरासरी काढली तर आकडा छानच दिसायचा. माणसं वैतागायची ती या हिसक्यांनी.

कारण असं. बिल सेव्ह झालं की पोस्टग्रेस ते आधी वॉल नावाच्या लॉगमध्ये ओळीने लिहितं आणि तेवढं डिस्कवर पक्कं झालं की ‘झालं’ म्हणतं. खरी टेबलं आणि इंडेक्स यांची 8 केबीची पानं मेमरीतच बदललेली राहतात. ती सगळी डिस्कवर उतरवून ‘इथपर्यंतचा हिशेब पक्का’ अशी खूण करणं म्हणजे चेकपॉइंट. लॉग एका रांगेत लिहिला जातो, पण ही पानं डिस्कभर विखुरलेली असतात. 7200 आरपीएमची डिस्क असं विखुरलेलं लिखाण सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळाच करू शकते. हजारो पानं एकदम तिच्या अंगावर टाकली की नव्या बिलाचा लॉगही त्याच रांगेत अडकतो.

म्हणूनच 2008 च्या 8.3 आवृत्तीत हे लिखाण पसरवायची सोय आली. पुढच्या चेकपॉइंटपर्यंतच्या वेळेचा किती हिस्सा वापरायचा ते ‘चेकपॉइंट कंप्लीशन टार्गेट’ ठरवतं. हे काम करणारा पोस्टग्रेसचा भाग, चेकपॉइंटर, थोडी पानं लिहितो, वेळापत्रकाच्या पुढे असेल तर 100 मिलिसेकंद विसावतो, पुन्हा लिहितो. हे टार्गेट मूळचं 0.5 होतं, 14 व्या आवृत्तीपासून 0.9 झालं. आमच्याकडे 13 वी होती, म्हणजे पाच मिनिटांच्या चक्रात सगळं काम अडीच मिनिटांत उरकायची घाई.

नुसतं 0.9 करून मात्र भागत नाही, आणि हे फार कमी ठिकाणी नीट सांगितलेलं दिसतं. चेकपॉइंट दोन कारणांनी सुरू होतो: वेळ झाली म्हणून, किंवा लॉग फार वाढला म्हणून. ‘मॅक्स वॉल साइज’ मुळात 1 जीबी असतं, पण चेकपॉइंट पूर्ण 1 जीबी भरायची वाट बघत नाही. काम चालू असताना येणारा लॉगही त्याच मर्यादेत बसवायचा असतो, म्हणून 0.5 ला तो साधारण दोन तृतीयांशावर निघतो आणि 0.9 ला जेमतेम अर्ध्यावर. म्हणजे टार्गेट वाढवून मर्यादा तीच ठेवली तर चेकपॉइंट उलट लवकर येतात.

त्यात आणखी एक दुष्टचक्र. चेकपॉइंटनंतर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला की ते अख्खं पान लॉगमध्ये जातं. वीज गेल्यावर पान अर्धवट लिहिलेलं राहिलं तर दुरुस्तीला पूर्ण प्रत हवी, म्हणून. चेकपॉइंट जितके वरचेवर, तितकी पूर्ण पानं जास्त, तितका लॉग मोठा, आणि पुढचा चेकपॉइंट तितका जवळ. आमच्या सर्व्हरच्या नोंदींच्या लॉगमध्ये (हा वॉलपेक्षा वेगळा) चेकपॉइंट फार वरचेवर होत असल्याच्या इशाऱ्यांची रांग लागायची, तीही नेमकी कंपन्यांच्या रेट-लिस्ट चढवताना.

सध्या चेकपॉइंटची वेळ 15 मिनिटं, मॅक्स वॉल साइज 8 जीबी आणि टार्गेट 0.9 आहे. सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक चेकपॉइंटची नोंद करणारं ‘लॉग चेकपॉइंट्स’ चालू केलंय (15 व्या आवृत्तीपासून ते आपोआप चालू असतं). आता चेकपॉइंट सुरू होताना कारण म्हणून ‘वॉल’ऐवजी ‘टाइम’ दिसतं आणि गर्दीच्या वेळी लिखाण जवळपास 810 सेकंद पसरतं, म्हणजे साडेतेरा मिनिटं. शेवटचा सिंकचा, म्हणजे लिहिलेलं डिस्कवर खरंच पक्कं करायला लागलेल्या वेळेचा, आकडाही बघत जा. पानं लिनक्सच्या कॅशमध्ये साठून शेवटी एकदम डिस्कवर आदळली तर पसरवण्याचा उपयोग काय? त्यासाठी 9.6 पासून दर 256 केबीनंतर डिस्ककडे ढकलायची सोय आहे. लिनक्सवर ती आपोआप चालू असते.

खरी परीक्षा 22 सप्टेंबर 2025 ला झाली. बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि आयटम मास्टरपासून बॅचच्या दरांपर्यंत सगळं बदलावं लागलं. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलणं म्हणजे तिची नवी प्रत लिहिणं, म्हणून लॉग भराभर वाढत होता. तरी खाली बिलं निघत राहिली. थोडी सावकाश, पण एकही काउंटर थिजला नाही. त्या दिवशी जीव भांड्यात पडला.

याची किंमतही मोजावी लागते. सर्व्हर अचानक बंद पडला तर शेवटच्या चेकपॉइंटपासूनचा लॉग पुन्हा वाचावा लागतो, त्यामुळे उठायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात यूपीएसने दगा दिला तेव्हा तो वेळ जाणवला. हिशेब मात्र पैशापैशाने जुळला. बेस बॅकअपही (अख्ख्या डेटाबेसची प्रत घेणं) सुरुवातीला चेकपॉइंटची वाट बघत थांबतो आणि अडकल्यासारखा वाटतो. घाई असेल तर ‘फास्ट’ पर्याय द्यावा. सर्व्हर रीस्टार्ट करायचा असेल तर आधी हाताने चेकपॉइंट द्या, म्हणजे बंद होताना रखडत नाही.

‘एफसिंकच बंद करा, सगळं पळेल’ असा सल्ला बाजारात सर्रास मिळतो. एफसिंक म्हणजे लिहिलेलं डिस्कवर खरंच पोचलं याची खात्री करणं. कृपा करून ऐकू नका. वीज गेली तर अख्खा डेटाबेस हातचा जाऊ शकतो. ‘सिंक्रोनस कमिट’ (लॉग डिस्कवर पक्का होईपर्यंत थांबणं) बंद केल्याने डेटा बिघडत नाही, पण शेवटची काही बिलं गायब होऊ शकतात. गिऱ्हाईकाच्या हातात छापील बिल आणि आपल्या खात्यात नोंद नाही, हे मला कुठल्याही वेगासाठी चालणार नाही.

एनव्हीएमई डिस्क (फिरत्या चकतीविना चालणारी, खूप वेगवान) असेल तर फरक इतका जाणवणार नाही, तरी पूर्ण पानांचा लॉग तिथेही वाचतो. 13 व्या आवृत्तीची मुदत नोव्हेंबर 2025 मध्ये संपली, त्यामुळे आता आम्ही 17 कडे निघालोय. तिथे चेकपॉइंटचे आकडे ‘पीजी स्टॅट बीजीरायटर’मधून काढून ‘पीजी स्टॅट चेकपॉइंटर’ या वेगळ्या व्ह्यूमध्ये (आकडे दाखवणाऱ्या तयार तक्त्यात) टाकलेत. तुमची रोजची रिपोर्टची स्क्रिप्ट जुन्या नावांवर असेल तर अपग्रेडच्या आदल्या दिवशीच बदलून ठेवा.