गुनकानजिमा बोट टूर, नागासाकी: बेट भारी आहे, पण तोसाबद्दल वाचून जा

आधी रेटिंग सांगून टाकतो, 5 पैकी 4. एक स्टार कापला तो बोटीसाठी नाही की हवेसाठी नाही, तर ज्या जहाजावरून या बेटाला हे नाव पडलं त्याच्याबद्दल गाईडने अख्ख्या टूरमधे एकच वाक्य सांगितलं म्हणून. हे बेट तोसा नावाच्या युद्धनौकेसारखं दिसतं, झालं, पुढे सगळं कोळसा, बिल्डिंगा आणि इथे उभे राहून फोटो काढा. माझ्यासारखा माणूस जो जहाजासाठीच गेलाय त्याने काय करायचं मग? (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथे चार-पाच कंपन्या आहेत आणि ऐकलंय की गाईडवर बरंच अवलंबून असतं.)

थोडक्यात माहिती. नागासाकी बंदरापासून साधारण 19 किमीवर हाशिमा (हेच ते गुनकानजिमा) नावाचं बेट आहे, जेमतेम 480 मीटर लांब आणि 160 मीटर रुंद, चारी बाजूंनी उंच भिंत. 1890 मधे मित्सुबिशीने घेतलं, समुद्राखालचा कोळसा काढायला. 1916 मधे इथे कामगारांसाठी राहायची आरसीसी बिल्डिंग उभी राहिली, जपानमधली तसली सगळ्यात जुनी. 1960 च्या आसपास एवढ्याशा जागेत 5,000 च्या वर माणसं राहत होती. जानेवारी 1974 ला खाण बंद झाली आणि एप्रिलपर्यंत सगळे निघून गेले. 2009 पासून पर्यटकांना उतरू देतात, 2015 ला वर्ल्ड हेरिटेजमधे नाव लागलं. लांबून बेट लढाऊ जहाजासारखं दिसतं म्हणून लोक त्याला गुनकानजिमा म्हणजे युद्धनौका बेट म्हणतात.

आता टूर. सगळे जण बेटाची वाट बघत मोबाईल चार्ज करत बसतात पण खरी सुरुवात बंदरातच होते, म्हणून जाताना उजव्या बाजूची सीट मिळाली तर घ्या. त्या बाजूला मित्सुबिशीचा शिपयार्ड आहे. तिथली 1909 सालची 150 टनी हॅमरहेड क्रेन स्कॉटलंडहून आणलेली आहे आणि अजून चालू आहे, तीही हेरिटेजच. याच यार्डात पुढे मुसाशी नावाची अवाढव्य युद्धनौका बांधली, लोकांना दिसू नये म्हणून दोरखंडांचे पडदे लावून. आणि त्याच्या आधी, फेब्रुवारी 1920 ला, इथेच तोसाचं काम सुरू झालं.

तोसा म्हणजे काय चीज होती बघा. 234 मीटर लांब, जवळपास 40,000 टन, 41 सेंटीमीटर तोंडाच्या 10 तोफा, स्पीड 26.5 नॉट. तेव्हा जपानी नौदलाला 8 बॅटलशिप आणि 8 बॅटलक्रूझर (तेवढ्याच मोठ्या पण जास्त वेगवान युद्धनौका) असा ताफा हवा होता आणि त्या नादात 1921 ला देशाच्या बजेटचा जवळपास एक तृतीयांश पैसा एकट्या नौदलावर जात होता, म्हणजे हे फार दिवस चालणारं नव्हतंच. 18 डिसेंबर 1921 ला तोसा पाण्यात सोडली. त्या समारंभात जहाजाच्या नाकावर टांगलेला शोभेचा गोळा उघडलाच नाही आणि लोकांना तो अपशकुन वाटला असं सांगतात. शकुन-अपशकुन सोडा, त्या दिवशी वॉशिंग्टनमधे परिषद चालूच होती की! अमेरिका, ब्रिटन, जपान, फ्रान्स, इटली बसून कोणाकडे किती जहाजं राहणार याचा हिशोब करत होते, अमेरिका 5, ब्रिटन 5 तर जपानच्या वाट्याला 3 असं प्रमाण ठरलं, आणि जपानी शिष्टमंडळाचे प्रमुख कोण, तर खुद्द नौदलमंत्री कातो तोमोसाबुरो. त्यांनी ते मान्य केलं कारण अमेरिकेशी पैशाची शर्यत जिंकता येणार नाही हे त्यांना कळत होतं. मुत्सु नावाचं जहाज त्यांनी भांडून वाचवलं. तोसा नाही वाचली. 5 फेब्रुवारी 1922 ला काम थांबलं, 6 ला करारावर सह्या. पाण्यात उतरून दोन महिनेही झाले नव्हते.

तिची बहीण कागा, कोबेला बांधलेली, तीही भंगारातच जायची. पण सप्टेंबर 1923 च्या मोठ्या भूकंपात योकोसुकाला अमागी नावाच्या अर्धवट बांधलेल्या जहाजाचा सांगाडा निकामी झाला, ती विमानवाहू नौका होणार होती, मग तिच्या जागी कागाचा नंबर लागला. कागा पुढे पर्ल हार्बरला गेली आणि जून 1942 ला मिडवेच्या लढाईत बुडाली. एकाच क्लासची दोन जहाजं, नशीब बघा कसं असतं.

तोसाला टार्गेट म्हणून वापरायचं ठरलं, 1922 च्या ऑगस्टमधे ओढत कुरेच्या नौदल तळावर नेलं आणि 1924 ला तिच्यावर तोफगोळे, टॉर्पेडो, माईन सगळं करून बघितलं. त्यात 41 सेंटीमीटरचा एक गोळा जहाजाच्या 25 मीटर अलीकडेच पाण्यात पडला. नेम चुकला असंच कोणीही म्हणेल ना? पण तो गोळा पाण्याखालून तसाच पुढे गेला आणि पाण्याच्या रेषेखाली बाजूला घुसून आत फुटला, सुमारे 3,000 टन पाणी आत शिरलं. जपानी नौदलाने हे फारच मनावर घेतलं, पाण्याखालून जाणारे खास गोळे बनवले, टाईप 91 म्हणतात ते, आणि मुसाशी आणि तिची बहीण यामातो यांची पाण्याखालची चिलखतं ठरवतानाही हा धडा डोक्यात होता. म्हणजे जे जहाज कधी पूर्णच झालं नाही त्याने बाकीच्यांना एवढं शिकवलं, आणि गाईडला यातला एक शब्द बोलावासा वाटला नाही! शेवटी जहाज नष्ट करायला करारात दिलेली मुदत संपायच्या आत, 9 फेब्रुवारी 1925 ला, शिकोकूच्या ओकिनोशिमाजवळ खोल पाण्यात तिला मुद्दाम बुडवली.

आता मुद्द्याचा प्रश्न, बेट खरंच तोसासारखं दिसतं का? दिसतं, पण कुठूनही नाही. नागासाकीकडून जाताना आधी नुसता ढिगारा वाटतो, बोट वळसा घालून नैऋत्येला मोकळ्या समुद्राच्या बाजूला गेली की एकदम ब्रिज (कॅप्टन उभा राहतो तो मनोरा), मास्ट, तोफांचे टरेट सगळं जुळून येतं आणि बोटीवर सगळे एकदम ओरडतात. तिथे कॅप्टन थोडा वेळ थांबवतो, तेव्हा लगेच बाहेरच्या डेकवर जा. पण एक गोष्ट लक्षात घ्या, तोसाशी तुलना झाली 1921 मधे नागासाकीच्या एका पेपरात, आणि आज जी आकृती दिसते त्यातली मोठी 65 नंबरची बिल्डिंग 1945 नंतर पूर्ण झाली, शाळा तर 1958 ची. म्हणजे त्या पत्रकाराने पाहिलेलं बेट वेगळं होतं आणि तोसावर तरी तेव्हा ब्रिज आणि तोफा कुठे चढल्या होत्या? शिवाय बेट तोसाच्या दुप्पट लांब आहे. तरी गंमत अशी की खाणही मित्सुबिशीची आणि जहाजही मित्सुबिशीचंच.

उतरण्याबद्दल. मुरुडहून जंजिऱ्याला जाताना जसं समुद्र खवळला की होड्या बंद, तसंच इथे, फक्त इथे नियम आकड्यांत आहे: वारा सेकंदाला 5 मीटरच्या वर, लाट अर्ध्या मीटरच्या वर किंवा 500 मीटरपर्यंत दिसत नसेल तर उतरायचं नाही. आमचं उतरणं झालं, पण खरं सांगू, आत ठरलेल्या वाटेवरून दोनशे-सव्वादोनशे मीटर चालायचं, तीन ठिकाणी थांबायचं, पडक्या बिल्डिंगा लांबूनच बघायच्या. ते पाहण्यासारखं आहेच, पण बेटावर उभं राहून युद्धनौका अजिबात दिसत नाही. त्यामुळे जहाजासाठी जाणाऱ्यांनी उतरता आलं नाही तर रडू नये. उतरायची फी तीनशे येनच्या आसपास वेगळी असते, उतरवलं नाही तर ती परत करतात, बाकी तिकिटाचे पैसे नाही.

अजून एक खटकलं. युद्धाच्या काळात इथे कोरियन आणि चिनी कामगारांना जबरदस्तीने आणून खाणीत राबवलं, त्याबद्दल टूरमधे जवळजवळ शांतता. हा इतिहास नीट सांगत नाही म्हणून 2021 मधे वर्ल्ड हेरिटेज कमिटीने जपानला खडसावलंय, तेव्हा हे माझं एकट्याचं मत नाही.

प्रॅक्टिकल: तिकीट चार-पाच हजार येनच्या घरात, कंपनीप्रमाणे बदलतं. बेटावर टॉयलेट नाही, छत्री चालत नाही, पाऊस असेल तर रेनकोट न्या, हिल्स घालून जाऊ नका. मळमळत असेल तर अर्धा तास आधी अव्होमिन घ्या, परतीला बोट चांगलीच उडते. बुक करताना गाईड इंग्लिश बोलतो का हे ईमेल करून विचारा, आणि जमलं तर तोसाबद्दल दोन-तीन प्रश्न आधीच पाठवून ठेवा, कदाचित तुमच्या वेळी तरी कोणी तयारी करून येईल.