नानजिंग, पण कोणतं नानजिंग? पूर्वज शोधून देणाऱ्या ऑनलाइन सर्व्हिसचा अनुभव (पाचपैकी तीन स्टार)

आधीच सांगतो, सर्व्हिसचं नाव लिहीत नाहीये. शेवटी त्यांनी काम केलं, थोडे पैसेही परत दिले, उगाच कोणाच्या पोटावर पाय कशाला. पण अशा कंपन्या आता पुष्कळ झाल्यात, त्यामुळे कोणी पैसे भरायच्या आधी हे वाचून घ्या.

तर माझी वहिनी इंडोनेशियाची आहे, जावा बेटावरच्या सेमारांगची. दादा सिंगापूरला नोकरीला होता तेव्हा जमलं आणि आता दोघंही इथे नागपूरला, मनीषनगरात. बर्डीच्या बाजारात लोक तिला मणिपूरची समजतात आणि ती 'काहून इतकं महाग जी' म्हणते तेव्हा दुकानदाराचं तोंड पाहण्यासारखं होते. तिचं माहेरचं आडनाव हालिम, मूळचं चिनी आडनाव लिम. 1966 साली तिकडच्या सरकारने चिनी वंशाच्या नागरिकांनी इंडोनेशियन नावं घ्यावीत असं काढलं, दबाव इतका की बहुतेकांनी घेतली, पण लोक हुशार, जुनं आडनाव नव्याच्या पोटात लपवलं. लिमचं हालिम नाहीतर सालिम, तानचं तानोतो, सुतांतो. चिनी शाळा बंद झाल्या, 1967 च्या आदेशाने सणवारही चारचौघांत करायचे नाहीत, आणि तो आदेश रद्द झाला थेट 2000 साली, अब्दुर्रहमान वाहिद राष्ट्राध्यक्ष असताना. म्हणजे वहिनीच्या आईची अख्खी पिढी चिनी वाचता न येणारी. घरात उरलं काय, तर आजोबाला एंगकोंग म्हणायचं आणि लुम्पिया खायच्या.

गेल्या दिवाळीत आई आमची वंशावळ काढून बसली होती. मी जातीच्या व्हॅलिडिटीसाठी पणजोबाचा कोतवाल बुकाचा (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा) उतारा काढला होता ना, तोच कागद. वहिनी तो उलटसुलट करून पाहत होती आणि एकदम म्हणाली, 'भाऊजी, माझ्याकडे असा एकही कागद नाही हो.' तिथून हे सगळं सुरू झालं.

पॅकेज 42 हजारांचं, दोन हप्त्यांत. वेबसाइट चकाचक, फॉर्म सहा पानी, आणि चॅटवरची मुलगी प्रत्येक मेसेजला 'ग्रेट क्वेश्चन' म्हणणारी. त्यांनी आधी आडनाव मागितलं. आता लिम म्हणजे आपल्याकडे पाटील शोधण्यासारखं आहे. चीनच्या फूच्येन प्रांतात म्हणच आहे की चेन आणि लिन मिळून अर्धं जग. तेच अक्षर मँडरिनमध्ये लिन, फूच्येनकडच्या होक्कियन बोलीत लिम, कँटनीजमध्ये लाम. आडनावावरून गाव सापडणं शक्यच नाही, हे त्यांनी पैसे घ्यायच्या आधी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही.

गाव सापडते ते कबरीवर. तिकडे कबरीच्या दगडाला बोंगपाय म्हणतात. मधोमध मेलेल्या माणसाचं नाव, बाजूला साल आणि मुलांची नावं, आणि एकदम वर दोन मोठी अक्षरं आडवी, उजवीकडून डावीकडे वाचायची, ते मूळ गाव किंवा तालुका. माणूस जावात जन्मला, जावात मेला, तरी दगडावर चीनमधला तालुका! वहिनीच्या मामाने सेमारांगला जाऊन पणजोबाच्या दगडाचा फोटो काढला. पहिल्यांदा काही दिसलंच नाही, शेवाळ. मग दगड ओला करून पीठ चोळलं आणि तिरप्या उजेडात काढला तेव्हा अक्षरं उठली. (पीठ चोळू नका, दगड खराब होतो, असं नंतर सर्व्हिसवाल्यांनीच सांगितलं. साधं पाणी आणि संध्याकाळचं ऊन पुरते.)

फोटो पाठवला आणि सात आठवड्यांनी पीडीएफ आली, 31 पानांची. त्यातली 20 पानं चीनचा इतिहास, मिंग राजे वगैरे, जे कुठेही मिळते. आणि निष्कर्ष काय, तर मूळ ठिकाण नानजिंग शहर, च्यांगसू प्रांत. वहिनी खुश, दादाने तिकिटं पाहायला घेतली. मला मात्र खटकलं, कारण जावातले बहुतेक जुने चिनी होक्कियन, म्हणजे दक्षिण फूच्येनचे, आणि हे शहर तिथून शेकडो किलोमीटर उत्तरेला. मग जेवणं झाल्यावर मी आणि वहिनी फोटो झूम करून बसलो. नानजिंग शहरातला जिंग म्हणजे बीजिंगमधलाच जिंग, छोटं सुटसुटीत अक्षर. दगडावरचं होतं दोन भागांचं, जोडाक्षरासारखं ठासून भरलेलं. वेगळंच अक्षर! इंग्रजीत लिहिलं की दोन्ही नानजिंग, पण हा नानजिंग तालुका, फूच्येनच्या झांगझोऊ भागातला, तोच जिथे ती मातीची गोल गोल घरं आहेत, तुलोऊ, ज्यांना 2008 मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला. 42 हजार घेणाऱ्या संशोधकाला जे दिसलं नाही ते रात्री साडेअकराला मनीषनगरच्या डायनिंग टेबलवर दिसलं.

मी सणसणीत ईमेल टाकला. तीन दिवस शांतता, मग माफी, आठ हजार परत, आणि खरं सांगायचं तर इथून पुढे काम मस्त. त्यांनी तिथल्याच एका माणसाला गावात पाठवलं. लिन लोकांच्या कुलमंदिरात वही होती, झूपू म्हणतात तिला, आपल्या त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीसारखी, फक्त ही घराण्याने स्वतः ठेवलेली. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत अशा वह्या ढिगाने जाळल्या गेल्या. त्याच 1966 साली चीनमध्ये वह्या जळायला लागल्या आणि इंडोनेशियात नावं बदलली, काय योग म्हणायचा. ही वही कोणीतरी लपवली म्हणून वाचली.

जुळवलं कसं तर पिढीच्या अक्षरावरून. त्यांच्यात एक कविता ठरलेली असते, प्रत्येक पिढीने त्यातलं पुढचं एक अक्षर नावात घ्यायचं, म्हणजे सगळ्या चुलत भावांच्या नावात एक अक्षर सारखं. आपण आजोबाचं नाव नातवाला ठेवतो, त्यांच्यात वाडवडिलांचं नाव ठेवणं अपमान. पणजोबाचं अक्षर बरोबर बसलं आणि त्यांच्या वडिलांच्या नावापुढे बारीक अक्षरांत लिहिलेलं, सानपाओलोंगला गेला. सानपाओलोंग म्हणजे सेमारांग. दुभाषी व्हिडिओ कॉलवर ते वाचत होता आणि वहिनी गप्प. मग तिने एकच विचारलं, बायकोचं नाव आहे का. आहे, म्हणे, पण गावातल्या बायकोचं. जावातली, जिच्यापासून हे सगळे झाले, तिची ओळच नाही. त्या रात्री वहिनी जेवली नाही.

तर तीन स्टार त्या दुभाष्याला आणि गावात गेलेल्या माणसाला, पीडीएफला शून्य. तुम्ही करणार असाल तर आधी दगडाचा फोटो आणि म्हाताऱ्यांची जुनी चिनी नावं अक्षरांसकट गोळा करा, फॅमिलीसर्च या वेबसाइटवर चिनी वंशावळींचा मोठा साठा फुकट आहे तो पाहा, आणि पैसे द्यायचेच तर गावात जाणाऱ्या माणसाचे द्या. जावातल्या चिन्यांच्या डच काळातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी 1919 पासूनच्या आहेत, त्या आम्ही अजून बघितल्याच नाही.

कुलमंदिरवाल्यांनी आता फॉर्म पाठवलाय, नवीन नावं वहीत चढवायची असतील तर. मुलींचीही घेतो म्हणाले. पुतणीच्या रकान्यात दादाने वडिलांचं मूळ गाव काटोल, जिल्हा नागपूर लिहून पाठवलं, आणि काल दुभाष्याचा मेसेज आला की काटोल चिनीत कोणत्या अक्षरांनी लिहायचं ते कळवा.